‘लुअर इन’: बोलावणे की भुलवणे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ‘लुअर’ या एकाच इंग्रजी क्रियापदाच्या आसपासची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या क्रियापदासाठीच राखून ठेवले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. पण त्यातला घोटाळा आपल्यापैकी अनेकांच्या लिखाणात होतो आणि तो नुसत्या शब्दकोशाने सुटत नाही, म्हणून ते कापून लहान केलेले नाही.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्या मंडळाचे लहानसे मराठी वाचनालय आहे. बालविभागात येणारी मुले कमी कमी होत चालली आहेत, म्हणून नवी चित्रमय पुस्तके घेण्यासाठी एका कंपनीकडे देणगी मागायचे ठरले आणि इंग्रजी पत्राचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, ‘वुई वॉन्ट टु लुअर चिल्ड्रन इंटू अवर लायब्ररी.’ माझी नात नववीत आहे, इंग्रजी माध्यमात शिकते. तिने ते वाचले आणि म्हणाली, “आजी, हे पाठवू नकोस. मुले पळवणाऱ्या माणसांनी लिहिल्यासारखे वाटते.” शब्दकोशात ‘आकर्षित करणे, भुलवणे, मोह पाडणे’ असे अर्थ दिले आहेत आणि मी त्यातला पहिला घेतला होता. वर्तमानपत्रांत तर पर्यटकांना ‘लुअर’ करण्याच्या बातम्या येतच असतात. मग माझे चुकले कुठे? शिवाय या शब्दापुढे कधी इन, कधी इंटू, कधी अवे येते, त्याने अर्थात काय फरक पडतो?

उत्तर: ताई, आपल्या नातीचा कान चांगला आहे. तिने जे ऐकले ते बरोबर ऐकले. आपली चूकही समजण्यासारखी आहे, कारण शब्दकोश अर्थ देतो पण त्या अर्थाला कोणाची संगत चालते आणि कोणाची चालत नाही हे क्वचितच सांगतो.

‘लुअर’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला, तो ससाण्यांकरवी शिकार करणाऱ्यांच्या बोलीतून. पाळलेला ससाणा शिकारीसाठी आकाशात सोडला की त्याला परत हातावर आणायचे कसे, हा त्या शिकाऱ्यापुढचा नेहमीचा प्रश्न असे, कारण इतक्या उंचावर गेलेल्या पक्ष्यावर बळाचा काहीच उपयोग नसतो. म्हणून चामड्याच्या लहानशा गादीला पक्ष्याचे पंख बांधत, त्यावर मांसाचा तुकडा अडकवत आणि ती लांब दोरीच्या टोकाला बांधून डोक्यावर गरगर फिरवत. ससाण्याला वरून ते उडणारे पाखरू वाटे, तो झेप घेऊन खाली येई आणि शिकारी त्याला पुन्हा आपल्या हातमोज्यावर घेई. त्या पंख लावलेल्या गादीचे नाव ‘लुअर’. आपल्या शेजारी सौराष्ट्रात भावनगरच्या राजघराण्याने ससाणे पाळण्याचा हा छंद विसाव्या शतकातही जोपासला होता, तेव्हा ही सगळी गोष्ट केवळ परदेशातली आहे असे समजू नये.

आता मराठीतला ‘आमिष’ हा शब्द घ्या. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या शब्दांत तो अर्थ आजही शाबूत आहे. पण ‘नोकरीचे आमिष दाखवून’ असे आपण लिहितो तेव्हा त्यात मांसाचा तुकडा कोणालाही दिसत नाही, तसा तो ‘लुअर’ म्हणताना इंग्रजांनाही दिसत नाही. एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या या दोन शब्दांनी मांसाच्या तुकड्यापासून माणसाच्या फसवणुकीपर्यंत सारखाच प्रवास केला आहे, आणि मला स्वतःला या योगायोगाचा फार आनंद वाटतो.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की शब्दाचा स्वभाव लक्षात येतो. त्यात दिसणारी लालूच आहे, वरून न दिसणारी दोरी आहे आणि दोरी धरणारा हात आहे. शिवाय त्यात हालचाल आहे: पक्षी जिथे होता तिथून निघून दुसरीकडे येतो. ही हालचाल नसेल तर ‘लुअर’ वापरता येत नाही. घरात बसल्या बसल्या मिठाईचा डबा पाहून जीभ चाळवली तर इंग्रजीत तो ‘टेम्प्ट’ झाला. डबा पाहून माणूस खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेला, तरच ‘लुअर’ म्हणण्याची वेळ येते.

आपल्या वाक्यातली खरी अडचण मात्र कर्त्याची आहे. रावपुऱ्यातून जाताना गरम फाफड्याचा वास आला आणि आपण ठरवलेले नसताना दुकानात शिरलो, तर ‘द स्मेल ऑफ हॉट फाफडा लुअर्ड अस इन’ हे वाक्य निर्मळ आणि गोड आहे. मराठीत आपण म्हणू, ‘वासाने पाय आपोआप वळले.’ येथे कर्ता वास आहे. वासाला हेतू नसतो, त्याच्या हातात दोरी नसते, म्हणून फसवणुकीची छाया उरत नाही आणि केवळ ओढ शिल्लक राहते. गाणे, समुद्र, डोंगर, पुस्तक, उन्हाळ्यातली थंड सावली यांपैकी कोणीही कर्ता असला तरी असेच होते. परंतु कर्ता माणूस असला की दोरी लगेच दिसू लागते. ‘ही लुअर्ड हिम इन’ हे वाचताच इंग्रजी वाचक पुढे काहीतरी वाईट घडणार या अपेक्षेने पुढचे वाक्य वाचतो. कर्ता ‘आम्ही’ आणि कर्म ‘मुले’ असेल तर काय होते ते आपल्या नातीने सांगितलेच आहे. शब्द तोच, पण ‘पुस्तके’ कर्ता असती तर तिने हरकत घेतली नसती.

पर्यटकांच्या बातमीचे स्पष्टीकरण साधे आहे. मथळ्यात जागा कमी असते. इंग्रजीत ‘लुअर’ चार अक्षरांचा आणि ‘ॲट्रॅक्ट’ सात अक्षरांचा शब्द आहे, म्हणून मथळे लिहिणाऱ्यांना पहिला सोयीचा जातो. मथळ्याच्या भाषेत त्याची धार बोथट झाली आहे. ती बोथट धार पत्रात, अर्जात किंवा निमंत्रणात तशीच चालेल असे धरून चालू नये.

आता पुढच्या शब्दांविषयी. मराठीत आपण दिशा बहुधा निराळ्या क्रियापदाने दाखवतो. इंग्रजीत क्रियापद तेच ठेवून त्याला एक लहानसा शब्द जोडतात. त्यामुळे ‘लुअर’चे मराठी रूप एकदा ठरवून ते सगळीकडे चालवू म्हटले तर ते जमत नाही.

‘लुअर इन’ म्हणजे आत ओढून घेणे. यात आत म्हणजे कुठे, हे आधी आलेले असते किंवा सांगण्याची गरज नसते. मराठीत प्रसंगानुसार ‘जाळ्यात ओढणे’, ‘गळाला लावणे’ असे म्हणावे, आणि कर्ता निर्जीव असेल तर ‘आत खेचून नेणे’ किंवा वर दिल्याप्रमाणे ‘पाय वळणे’ म्हणावे. येथे शब्दांच्या क्रमाचा एक नियम सांभाळावा लागतो. कर्म नाम असेल तर ते ‘इन’च्या आधी किंवा नंतर, कुठेही बसते: ‘लुअर कस्टमर्स इन’ आणि ‘लुअर इन कस्टमर्स’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवे. ‘लुअर देम इन’ बरोबर, ‘लुअर इन देम’ चूक.

‘लुअर इंटू’मध्ये ठिकाण सांगावेच लागते, आणि ते ठिकाण म्हणजे दुकान, गल्ली, सापळा असेल तसेच एखादे कृत्यही असते. ‘ही वॉज लुअर्ड इंटू सायनिंग द पेपर्स’ या वाक्याचे ‘त्याला कागदांवर सही करण्यास भाग पाडले’ असे भाषांतर मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी ते मला खुपते. भाग पाडण्यात जोर आहे, धाक आहे. ‘लुअर’मध्ये धाक कधीच नसतो, कारण आकाशातल्या ससाण्यावर धाक चालत नाही हेच तर या शब्दाचे मूळ आहे. ‘गोड बोलून त्याच्याकडून कागदांवर सह्या करून घेतल्या’ हे नेमके मराठी झाले. यातले ‘गोड बोलून’ लालूच दाखवते आणि ‘करून घेतल्या’ दोरी दाखवते.

‘लुअर आऊट’ म्हणजे सुरक्षित जागेतून बाहेर काढणे. त्यासाठी आपल्याकडे लष्करी परंपरेतले ‘हूल देणे’, ‘हुलकावणी देऊन बाहेर काढणे’ असे तयार शब्द आहेत. ते सोडून ‘प्रलोभन देऊन बाहेर आणले’ असे लिहू नये. ‘लुअर अवे’विषयी पुढच्या पत्रात सविस्तर येणारच आहे.

कशाने भुलवले हे सांगायचे असेल तर ‘विथ’ लागते, आणि येथे मराठीची ठरलेली रचना अगदी चपखल बसते: ‘विथ अ प्रॉमिस ऑफ अ जॉब’ म्हणजे ‘नोकरीचे आमिष दाखवून’. आपल्या शहरातून परदेशी जाऊ पाहणारी मुले पुष्कळ आहेत, त्यामुळे ‘व्हिसाचे आमिष दाखवून’ अशी बातमी आपल्याला नवी नाही.

याच ठिकाणी एक व्याकरणाची चूक सांगून ठेवतो, कारण शिकवण्याच्या कामात तीस वर्षांहून अधिक काळ ती मी वह्यांमधून तपासत आलो. मराठीत अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत: भुलणे आणि भुलवणे, पडणे आणि पाडणे, लागणे आणि लावणे. ‘तो भुलला’ आणि ‘त्याने भुलवले’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. ‘लुअर’ला मात्र ‘भुलणे’ हे रूप नाही, त्याचा अर्थ केवळ ‘भुलवणे’ आहे. म्हणून ‘मी त्या जाहिरातीला भुललो’ हे मनात धरून विद्यार्थी ‘आय लुअर्ड बाय द ॲडव्हर्टाइझमेंट’ असे लिहितो तेव्हा त्यातला ‘वॉज’ गळून पडतो आणि वाक्य मोडते. ‘आय वॉज लुअर्ड’ असेच लिहायला हवे. उलट इंग्रजीतून मराठीत येताना निराळी खबरदारी लागते. ‘आमिषाला बळी पडला’, ‘गळाला लागला’ असे आपण लिहितो तेव्हा फसलेला माणूस कर्ता होतो आणि फसवणारा वाक्यातून नाहीसा होतो. ज्याने फसवले त्याचे नाव बातमीत पुढे येणार असेल, तर ‘अमक्याने त्याला जाळ्यात ओढले’ अशी रचना करावी. दोष कोणाच्या पदरात पडतो हे वाक्याच्या घडणीवर ठरते, आणि फसलेल्या घराला ती घडण वाचावी लागते.

मासेमारीचाही उल्लेख करायला हवा, कारण ‘गळाला लावणे’ वर आले आहे. इंग्रजी मासेमारीत ‘बेट’ म्हणजे खरे खाद्य: गांडूळ, कणकेची गोळी. ‘लुअर’ म्हणजे लाकडाचा, धातूचा किंवा पिसांचा बनवलेला खोटा मासा, ज्यात खाण्यासारखे काहीच नसते. ‘बेट’ हा शब्द ‘बाइट’ या क्रियापदाचाच नातेवाईक असून ‘चावायला लावणे’ असा त्याचा मूळ अर्थ आहे, म्हणजे आपल्या भुलणे–भुलवणे जोडीसारखीच ती एक जुनी जोडी आहे. मराठीत दोन्हींना आमिषच म्हणतात. त्यामुळे मासेमारीवरचा मजकूर भाषांतरित करताना ‘खरे आमिष’ आणि ‘बनावट आमिष’ असे साधे शब्द वापरावेत.

आता आपल्या पत्राचे. इंग्रजीत याच अर्थाचे, पण दोरी नसलेले ‘ड्रॉ इन’ आहे. ‘वुई होप द न्यू पिक्चर बुक्स विल ड्रॉ मोअर चिल्ड्रन इन’ असे लिहावे. कर्ता पुस्तके झाली, आपण बाजूला झालात आणि शंकेला जागा राहिली नाही. मुले पूर्वी येत होती आणि आता कमी येतात असे आपण लिहिले आहे, तेव्हा ‘ब्रिंग चिल्ड्रन बॅक टु द लायब्ररी’ हे तर अधिकच खरे आहे. आणखी एक सुचवतो. १९१० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम सुरू केले, याचा एका ओळीत उल्लेख पत्राच्या आरंभी करावा. बडोद्यातल्या वाचनालयाने देणगी मागताना तेवढे सांगणे हा आपला हक्कच आहे.

प्रश्न: मी एका वकिलांच्या कार्यालयात इंग्रजी–मराठी भाषांतराचे काम करतो. अलीकडे ‘लुअर अवे’ हे शब्द दोन निरनिराळ्या कागदांत आले. एकात, एका कारखान्याने दुसऱ्या कारखान्याचे कुशल कामगार नेल्याची तक्रार होती. दुसऱ्यात, अल्पवयीन मुलीला घरातून नेल्याची. मी दोन्हीकडे ‘आमिष दाखवून दूर नेले’ असे लिहिले. साहेबांनी दोन्ही कागद परत केले आणि ‘दोन्हीकडे चूक आहे’ एवढेच सांगितले. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: आपल्या साहेबांनी कारण सांगितले असते तर बरे झाले असते, पण त्यांचा निर्णय योग्य आहे.

‘अवे’ या शब्दात लक्ष कुठे नेले याकडे नसते, कोणापासून नेले याकडे असते. म्हणजे ज्याचे माणूस गेले त्याच्या बाजूने हे क्रियापद बोलते. मराठीत याला ‘फोडणे’ हा अतिशय जिवंत शब्द आहे: माणसे फोडली, गडी फोडला. ‘फोडणे’मध्ये एकसंध असलेले काहीतरी तुटल्याची भावना आहे, आणि कारखान्याच्या मालकाची तक्रार नेमकी तीच असते. पण हा शब्द बोलीत शोभतो. कायदेशीर कागदात ‘अधिक वेतनाचे आमिष दाखवून आपल्याकडे ओढून घेतले’ किंवा, आरोप सौम्य ठेवायचा असल्यास, ‘आपल्याकडे वळवून घेतले’ असे लिहावे. अधिक पगार देऊन माणूस घेणे हा आपोआप गुन्हा होत नाही, म्हणून शब्द किती काळा रंगवायचा हे मूळ इंग्रजी वाक्याची चढण पाहून ठरवावे लागते. ‘दूर नेले’ मात्र येथे मुळीच चालत नाही, कारण कामगार पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात गेले असले तरी ते ‘अवे’ गेलेच.

याच्या जवळचा ‘फितवणे’ हा शब्द जपून वापरावा. त्यात निष्ठा मोडल्याचा आरोप आहे. किल्लेदार फितवला जातो, साक्षीदार फितवला जातो, आणि न्यायालयात उलटलेल्या साक्षीदाराला आपण आजही ‘फितूर’ म्हणतो. पगारवाढीसाठी नोकरी बदलणाऱ्या माणसाला फितूर म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या कागदाचा विचार अधिक गंभीरपणे करावा लागेल. भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये, बालकाला पालकाच्या ताब्यातून नेण्यासंबंधी ‘टेक्स ऑर एन्टाइसेस’ असे शब्द आहेत. म्हणजे कायदा ‘लुअर’ हा शब्द वापरत नाही. तो ‘एन्टाइस’ वापरतो, आणि ‘नेणे’ व ‘फूस लावून नेणे’ अशा दोन कृती वेगळ्या धरतो. पोलिसांच्या इंग्रजी टिपणात ‘लुअर्ड अवे’ लिहिलेले असले, तरी कागद ज्या कलमाखाली जाणार आहे त्या कलमाचा शब्द मराठीत उमटायला हवा, आणि तो ‘फूस लावून नेले’ हाच आहे. हिंदीतले ‘फुसलाकर ले जाना’ आपण ऐकले असेलच.

आमिष आणि फूस यांत फरक काय, असे आपण विचाराल. आमिष ही दाखवण्याची वस्तू असते: पैसा, नोकरी, लग्न, चित्रपटातले काम. फूस ही लावण्याची गोष्ट असते. तिच्यात हातात धरून दाखवण्यासारखे काही नसले तरी चालते. कानाशी पुन्हा पुन्हा बोललेले गोड शब्दही पुरतात. १९७३ साली गुजरातमधल्याच एका खटल्यात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ‘एन्टाइस’चा विचार केला होता. समोरच्याच्या मनात आशा किंवा इच्छा जागी करून त्याला प्रवृत्त करणे ही त्या शब्दातली कल्पना आहे, तिची रूपे अनेक असतात, त्यांची पूर्ण यादी करणे अवघड आहे आणि काही रूपे फार सूक्ष्म असून त्या वेळच्या मनःस्थितीवर अवलंबून असतात, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. अशा सूक्ष्म रूपांना ‘आमिष’ म्हटले की प्रतिपक्षाचा वकील विचारणार, ‘आमिष कोणते होते ते दाखवा.’ ‘फूस’ म्हटले की तो प्रश्न उरत नाही. एका शब्दाने खटल्याचा रोख बदलू शकतो, म्हणून साहेबांनी कागद परत केला असावा.

प्रश्न: महाविद्यालयाच्या निरोप समारंभात मी इंग्रजीत भाषण केले. आमच्या विभागप्रमुखांविषयी कृतज्ञतेने बोलताना ‘ही लेड मी ऑन फॉर थ्री इयर्स’ असे म्हणालो. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे एकमेकांकडे पाहू लागले आणि सरांचा चेहरा उतरला. ‘लीड’ म्हणजे नेणे आणि ‘ऑन’ म्हणजे पुढे, तर यात वाईट काय आहे? हेही भुलवण्याच्या अर्थाचे क्रियापद आहे असे नंतर कोणीतरी सांगितले.

उत्तर: कोणीतरी खरे सांगितले. आपण सुट्या शब्दांची बेरीज बरोबर केलीत, पण या जोडशब्दांत बेरीज चालत नाही. ‘लीड समवन ऑन’ म्हणजे खोटी आशा दाखवून झुलवत ठेवणे, आशेला लावणे. लग्न करायचे नसताना करणार असल्यासारखे वागणे, नोकरी द्यायची नसताना ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणत राहणे, याला हे क्रियापद लागते. सरांनी तीन वर्षे मला झुलवले, असे आपले वाक्य झाले.

‘लुअर’शी याचे नाते जवळचे आहे, पण वेळेत फरक आहे. ‘लुअर इन’ झाले की पक्षी आत आला आणि काम संपले. ‘लीड ऑन’ मात्र चालूच राहते. त्यात गाठण्याचे ठिकाणच नसते, रोज एक पाऊल पुढे टाकायला लावायचे एवढेच. ‘ऑन’ येथे पुढे जाण्यापेक्षा चालू राहण्याचा अर्थ अधिक देतो, जसा ‘कॅरी ऑन’मध्ये. मराठीतल्या ‘झुलवत ठेवणे’मधले ‘ठेवणे’ हेच काम करते. कर्म मात्र नेहमी मध्येच येते: ‘लेड मी ऑन’.

आपल्याला म्हणायचे होते ते ‘ही गायडेड मी फॉर थ्री इयर्स’. सरांना एक छोटे पत्र लिहावे, आणि ते मराठीतच लिहावे. मनात काय होते आणि तोंडातून काय गेले हे त्यात सरळ सांगितले तर ते समजून घेतील, कारण शिकवणाऱ्या माणसाने अशा चुका पुष्कळ पाहिलेल्या असतात.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘रोप इन’विषयीही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. जनावराला दोराच्या फासात अडकवून कळपात आणण्यावरून हा प्रयोग आला. भारतीय इंग्रजीत तो केवळ ‘करारबद्ध केले’, ‘कामावर घेतले’ इतक्याच अर्थाने छापला जातो. इंग्लंडमधल्या वाचकाला मात्र त्यात माणूस फारसा राजी नव्हता आणि त्याला गळ घालून कामाला जुंपले, असे ऐकू येते. बाहेरच्या वाचकांसाठी लिहिताना तो टाळावा.

प्रश्न: ‘लुअर’ आणि आपला ‘लोभ’, हिंदीतले ‘लुभाना’, यांचे मूळ एकच असावे असे मला वाटते. तसे असेल तर आमच्या पिढीची माणसे पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहीत, ते कसे काय?

उत्तर: ध्वनी सारखा असला तरी नाते नाही. ‘लुअर’ फ्रेंचमधून आला हे वर सांगितले. फ्रेंचमध्ये तो जर्मन कुळातल्या ‘आमिष’ अशाच अर्थाच्या शब्दावरून गेला होता. ‘लोभ’ आणि ‘लुभाना’ संस्कृतातल्या ‘लुभ्’ या धातूचे आहेत, आणि त्या धातूचा इंग्रजीतला सख्खा नातेवाईक आहे ‘लव्ह’. जर्मन भाषेतला ‘लीब’ हा प्रेमवाचक शब्दही त्याच घरातला. हव्यासाचा आणि मायेचा असे दोन्ही अर्थ ‘लुभ्’च्या वंशात चालत आले आहेत. आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या ‘लोभी’ या शब्दाकडे पहिला गेला आणि दुसरा टिकला तो पत्राच्या शेवटच्या ओळीत, ‘लोभ आहेच, तो वाढावा’ या विनंतीत. तेव्हा ती ओळ निःशंक लिहावी.